तिसरा अध्याय वाचून थांबलो

चिखल्याच्या याकोबदादांना मंडळीच्या वडीलपदावरून मी काढले, आणि ते चूक होते. अधिकार परिषदेचा होता, पण तोंड माझे होते. भरल्या उपासनेत, बायकामुलांसमोर, मी त्यांना उभे राहायला सांगितले आणि मग मागे जाऊन बसायला सांगितले. प्रवासाची हकीकत अशी सुरू करू नये हे मला कळते. पण हे सांगितल्यावाचून भंडारा जिल्ह्यात मी दुसऱ्यांदा का गेलो ते सांगता येणार नाही.

मी नगरकडचा शाळामास्तर. आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांची एक परिषद आहे; मंडळी म्हणजे एका गावचे उपासनेला जमणारे ख्रिस्ती, आणि वडील म्हणजे त्यांचा पुढारी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिने मला दूरदूरच्या लहान मंडळ्या पाहून यायला धाडले होते. चिखला हे मँगनीजच्या खाणीचे गाव. खाणीच्या वसाहतीत थोडी ख्रिस्ती घरे होती, पगारी पाळक, म्हणजे धर्मोपदेशक, नव्हता. जमिनीखाली लाकडाचे टेकू लावणारे याकोबदादा रविवारी उपासना चालवत. मी पोचलो त्या संध्याकाळी खाणीच्या कचेरीतला एक कारकून मला भेटला. तोही मंडळीतलाच. म्हणाला, याकोबने मेलेल्या थोरल्या भावाच्या बायकोशी पाट लावला आहे, घरात दोन बायका आहेत. पाट म्हणजे विधवेचे पुन्हा लावलेले लग्न. धाकट्या दिराने वहिनीशी पाट लावणे हे त्या भागात कोणाला नवल वाटण्यासारखे नाही.

दुसऱ्या दिवशी याकोबदादांच्या घरी मला पाण्याचा तांब्या दिला तो त्या वहिनीनेच. विधवा बाई, आणि दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या. आमच्या घराण्यात ख्रिस्ती होऊन तीन पिढ्या झाल्या, तरी विधवेच्या हातात बांगडी दिसत नसे. मी त्या बांगड्या पाहिल्या आणि माझ्यापुरता निकाल लागला. कोणाला काही विचारले नाही. त्यांना नाही, त्यांच्या बायकोला नाही, त्या बाईंना तर नाहीच.

पौलाने आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, मंडळी कशी सांभाळावी याविषयी पत्रे लिहिली. पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मंडळीचा पुढारी कसा असावा ते आहे. त्याच्यावर बोट ठेवायला जागा नसावी, त्याला बायको एकच असावी, त्याचे घर ताळ्यावर असावे. तेवढे मी त्या रविवारच्या उपासनेत मोठ्याने वाचले आणि ‘ती बाई घरात आहे तोवर’ असे काहीतरी बोललो. पुढे महिन्याभरात कळले की ती बाई घर सोडून गेली. मला समाधान वाटले. गेली, म्हणजे खरेच होते.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे नव्या वडिलांचे शिबिर होते आणि मी त्यांना हीच पत्रे शिकवत होतो. पाचव्या अध्यायाशी आलो. आपल्या घरातल्या विधवेकडे जो पाहत नाही त्याने विश्वास सोडला असे समजावे, असा तिथला आशय आहे. आणि जरा खाली, वडिलावरचा आरोप दोघातिघा साक्षीदारांवाचून ऐकूनच घेऊ नये, असे. हे मी पूर्वी वाचले नव्हते असे नाही. कितीदा तरी वाचले होते.

एका तरुणाने विचारले, “सर, साक्षीदार एकच असला तर?”

“तर गप्प बसायचे,” मी म्हणालो, आणि मीच गप्प झालो. तास तिथेच संपला. नाताळाच्या थोडे आधी रजा घेऊन निघालो.

तुमसरहून पुढे

रेल्वेतले सांगत नाही. आगगाडी सगळीकडे सारखीच असते. तुमसरला उतरून गोबरवाहीकडे जाणाऱ्या एस.टी.त बसलो तेव्हा सकाळ बरीच उलटली होती, पण धुके उठले नव्हते. धान कापून झाले होते. बांध्यांत, म्हणजे बांध घातलेल्या भातखाचरांत, नुसती धसकटे उभी होती आणि मधेमधे कापलेल्या धानाचे ढीग घरासारखे रचलेले. आमच्याकडे डिसेंबरात ज्वारी हिरवी उभी असते. इथे सगळे आटोपल्यासारखे वाटले. तलाव मात्र जागोजागी, आणि त्यांचे पाणी त्या दिवशी शिशासारखे.

शेजारी एक म्हातारी उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली घेऊन बसली होती.

“कोणाच्या घरी चालले जी?” तिने विचारले.

“चिखल्याला. याकोबदादांकडे.”

“तो लाकूडवाला? त्याच्या घरी पाहुणा?” तिने मला नीट पाहून घेतले. “लोक येत होते मागं. पेटी वाजे, गाणे म्हणत. मी शिंगाडे इकाले जाऊ तं रस्त्यावरून आयकू ये. आता काही नाही.”

“का बरं?”

“कोणी साहेब आला होता म्हणते बाहेरून. तोंडाचा गोड. सारं मोडून गेला.” मग एक शिंगाडा सोलून तिने माझ्या हातावर ठेवला. “खा ना जी. तोंड काहून उतरलं तुमचं? गाडी लागते काय?”

मी हो म्हणालो. शिंगाडा गोड होता. आमच्याकडे तो उपासाच्या पिठापुरता माहीत. असा ताजा, काळ्या सालीतून पांढरा निघालेला, मी पहिल्यांदाच खाल्ला.

गोबरवाहीला उतरल्यावर चिखल्याकडे रिकामा जाणारा खाणीचा ट्रक मिळाला. ड्रायव्हरशेजारी जागा नव्हती म्हणून मागे हौद्यात फळीवर बसलो. उतरल्यावर पाहिले तो माझी पांढरी विजार मागून सगळी काळी. झटकायला गेलो तर हातही काळे झाले. मँगनीजची धूळ कोळशासारखी कोरडी नसते, ती चिकटून राहते. वसाहतीत दोरीवर वाळत घातलेले कपडे, कौले, शेवग्याची पाने, सगळ्यांवर तोच एक करडा थर.

चिखला

दार उघडले ते मार्थाबाईंनी, याकोबदादांच्या बायकोने. केस पिकले होते. मी ‘सलाम’ म्हणालो. आमच्यात नमस्काराऐवजी सलाम म्हणतात. त्यांनी परत सलाम केला नाही.

“ओळखलं तुमाले,” त्या म्हणाल्या. “थोडं वळा पाहू.” मी वळलो. “बरं झालं. मागच्या येळी लई पांढरे होते. आता आमच्यातले दिसता.”

पाणी मात्र त्यांनी दिले, हातपाय धुवायला वेगळे आणि प्यायला वेगळे. याकोबदादा पाळी संपवून आले तेव्हा दुपार कलली होती. मला पाहून दारात थांबले, मग शांतपणे टोपी खुंटीला लावली. सुरुंगांच्या आवाजाने त्यांचा उजवा कान गेला आहे, म्हणून मी डावीकडे सरकलो. वाटभर जुळवलेली वाक्ये होती. त्यांतले पहिलेच निम्मे झाले असेल.

“माही माफी कायले मागता?” ते म्हणाले. “वडील होतो तेव्हाबी मी टेकूच लावत होतो, आताबी लावतो. घरी तोच भात. मले काय झालं?”

“काय झालं सांगू?” मार्थाबाई चुलीपासून म्हणाल्या. “हा माणूस दर रविवारी भिताडाकडे तोंड करून झोपते. काय झालं म्हणे!”

“तू चूप बस वं.”

“चूपच आहो इतकी वर्सं.”

मग मी तो प्रश्न विचारला, जो तेव्हा विचारायला हवा होता. त्या बांगड्यांचे काय?

 याकोबदादा माझ्याकडे न पाहता बोलले. थोरला भाऊही याच खाणीत होता. वरचा दगड खचून त्याच्यावर आला. माती दिल्यावर वसाहतीतल्या बाया रिवाजाप्रमाणे वहिनीच्या बांगड्या फोडायला आल्या. दगड घेऊनच आल्या होत्या. “मी दारात उभा झालो. म्हणलं, माह्या वहिनीच्या हाताले कोणी हात लावन तं पाहा. भाऊ दगडाखाली गेला, आता आणखी दगड कायले?” मग म्हणाले, “बस, एवढंच. तवापासून लोक म्हणू लागले, दिरानं बांगड्या ठेवल्या म्हणजे पाट लावला. मी कायले सांगत फिरू? माह्या घरात मी कोणाले सांभाळतो ते का दवंडी पिटाव?”

“मी विचारलं असतं तर सांगितलं असतं तुम्ही?”

“तुमी विचारलं नाही ना साहेब.”

रात्री जेवायला भात आणि लाखोळीची डाळ होती. आमच्याकडे ही डाळ खाल्ली की पाय जातात असे लहानपणापासून ऐकलेले. माझा हात क्षणभर अडला, आणि मार्थाबाईंनी तो पाहिला.

“खा. एका दिसात लंगडे नाही होत.”

याकोबदादा पहिल्यांदा हसले, फार थोडे. मी दोनदा डाळ घेतली. भाकरीची सवय असलेल्या माणसाला नुसत्या भाताने पोट भरल्यासारखे वाटत नाही, पण त्या रात्री पोटाचा प्रश्न नव्हता. ताट उचलताना मार्थाबाई म्हणाल्या, “माही जाऊ पवनीले असते. कोष्ट्याच्या घरी कांड्या भरते. आमी बोलवाले गेलतो, नाही आली. तुमाले माफी मागाची हौस आहे तं तिची मागा.”

मी त्यांचे नाव विचारले. इतक्या वर्षांत मला ते माहीत नव्हते.

“दीना,” याकोबदादा म्हणाले.

पवनी

चिखला जिल्ह्याच्या वरच्या टोकाला, पवनी खालच्या. भंडाऱ्याला एस.टी. बदलावी लागते. पवनी जुने गाव. वेशीपाशी मातीचा मोठा कोट आहे, आणि शेतात नांगराला अजून बौद्धांच्या काळचे कोरीव दगड लागतात असे सहप्रवाशाने सांगितले. एरवी मी ते पाहायला उतरलो असतो आणि इथे त्यावर दोन पाने लिहिली असती. त्या दिवशी सरळ कोष्ट्यांच्या आळीत गेलो. आळीत घराघरातून मागाचा खटखट आवाज येत होता, आणि एका घराच्या पडवीत रहाटाशी एक बाई सुताची कांडी भरत बसल्या होत्या. हातात एकही बांगडी नव्हती. मी चेहऱ्यावरून ओळखले नाही, त्या उघड्या मनगटांकडे पाहून ओळखले.

घरमालकीण बोलकी होती. “तुमी आमच्या दीनाबाईच्या सासरचे काय जी? आता कोणी येत नाही तिचं. लई गुणाची बाई. मालक गेला, लेकरू नाही, कोणाचं काही घेणं नाही. या, बसा.”

मी बसलो नाही. हात जोडले आणि सुरुवात केली, “दीनाबाई, मी तुमची—”

त्यांनी रहाट थांबवला आणि माझ्याकडे पाहिले. त्या नजरेने मला कळले की मी पुन्हा तेच करायला निघालो होतो. या घराला काहीच माहीत नव्हते. इथे त्या फक्त मालक गेलेली गुणाची बाई होत्या. मी माफी मागितली असती तर कशाची, ते सांगावे लागले असते. आणि या आळीत दुसऱ्या दिवसापासून त्या दिराशी पाट लावलेली बाई झाल्या असत्या, माझ्याच तोंडून, दुसऱ्यांदा.

“—तुमची खुशाली पाहायला आलो,” मी म्हणालो. “याकोबदादांनी सांगितलं.”

“नदीवर जाऊन येतो जी,” त्या मालकिणीला म्हणाल्या आणि उठल्या.

वैनगंगा तिथे रुंद आहे. हिवाळ्यात पाणी एका अंगाला गेलेले आणि मधे वाळूचे मोठे पांढरे पटांगण. घाटाच्या पायऱ्यांवर त्या माझ्यापासून अंतर ठेवून बसल्या. बायका कपडे धूत होत्या, त्यांना ऐकू जाणार नाही इतके दूर. मी जे होते ते सगळे बोललो. कारकुनाचे ऐकले, बांगड्या पाहिल्या, विचारले नाही. पत्राचा अर्धाच भाग वाचला.

“पतराचं मले नोका सांगू,” त्या म्हणाल्या. “मले वाचता येत नाही.”

“तुम्ही घर का सोडलं?”

“मी गेली तं याकोबले पुन्हा पुढं बसवतील वाटलं. तुमीच म्हणलं होतं, ती बाई घरात आहे तोवर. मी मागं बसून आयकलं. मंग गेली.” त्यांनी पाण्याकडे पाहिले. “बसवलं काय त्याले?”

“नाही.”

“मंग?”

 त्या गेल्या आणि मी तेच गुन्ह्याचे प्रमाण मानले, हे मला सांगावे लागले. सांगितले. त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. ते मला जास्त कठीण गेले.

“बांगड्या कोणी काढल्या?” मी विचारले.

“मीच. गाडीत बसाच्या आधी. याकोबनं इतक्या बायांसमोर वाचवल्या, अन् मी आपल्या हातानं काढल्या.” पदर मनगटावर ओढून म्हणाल्या, “आता नाही घालत. कोणी पुसलं तं काय सांगू?”

मी म्हणालो, “दीनाबाई, मला क्षमा करा.”

“इथं मागून तुमी हलके होऊन जाल साहेब. तिथं कोण सांगन? जिथं बोलले तिथं बोला.” त्या उठल्या, लुगड्याला लागलेली वाळू झटकली. “अन् ती बाई ती बाई नोका म्हणू. मले नाव आहे.”

चिखल्याला माझ्याबरोबर चला, असे मी एकदा म्हणून पाहिले. त्यांनी मान हलवली. मागावर साडी चढली होती, कांड्या थांबल्या तर माग थांबतो, एवढेच त्या म्हणाल्या. घाट चढताना एकदाही मागे पाहिले नाही.

पुन्हा चिखला

रविवारी सकाळी परत पोचलो. ज्या खोलीत पूर्वी उपासना होई तिथे आता कुणा कंत्राटदाराची सिमेंटची पोती आहेत. तो कारकून केव्हाच बदलून दुसऱ्या खाणीवर गेला. मी काढलेल्या माणसाच्या जागी त्याने काही दिवस उपासना चालवली, मग तीही बंद पडली. मंडळीतली घरे अजून आहेत. मी दारोदार जाऊन सगळ्यांना याकोबदादांच्या अंगणात बोलावले. कोणी आले, कोणी दारातूनच ‘पाहू’ म्हणाले. याकोबदादांना हे सगळे नको होते. ते पाठ वळवून लाकडाची एक ढलपी तासत बसले. शेजारचे हिंदू लोकही ओट्यांवर येऊन उभे राहिले. खाणीच्या वसाहतीत भिंतीला भिंत लागलेली असते.

मी शास्त्र उघडले. पाचवा अध्याय वाचून मग बोलावे असे ठरवले होते.

“पुस्तक ठेवा खाली,” मार्थाबाई म्हणाल्या. “त्या दिशीबी हातात पुस्तकच होतं.”

मी ते घोंगडीच्या घडीवर ठेवले, जिथे त्यांनी बोट दाखवले तिथे. हात रिकामे झाले आणि ते कुठे ठेवावेत कळेना. मी बोलायला लागलो. पहिली दोन वाक्ये माझी मलाच नीट ऐकू आली नाहीत.

“जोरानं बोला जी,” मागून कोणीतरी म्हणाले. “तेव्हा तं लई जोरानं बोलले होते.”

एकदोघे हसले. याकोबदादांचा हात थांबला. त्यांनी मान वळवून डावा कान माझ्याकडे केला.

तेव्हा मी मोठ्याने बोललो. जे बोललो ते इथे तसेच लिहितो.

“त्या दिवशी मी एका माणसाचं ऐकलं आणि दुसऱ्या कोणाला विचारलं नाही. मी जिला ‘ती बाई’ म्हणालो तिचं नाव दीनाबाई आहे. दीनाबाई या याकोबदादांच्या वहिनी. त्यांचा कधी पाट लागला नव्हता. त्यांच्या बांगड्या फोडू दिल्या नाहीत, कारण या घराने आपल्या विधवेला जपलं. मंडळीच्या वडिलाने जे करायचं तेच याकोबदादांनी केलं, आणि त्याचीच मी त्यांना शिक्षा दिली. दीनाबाई निर्दोष होत्या. माझ्या बोलण्याने त्यांनी घर सोडलं, तेव्हाही मी त्यांनाच दोषी धरलं. खोटं मी पसरवलं, याच गावात, तुमच्यासमोर. आता तुमच्यासमोरच सांगतो. मी चुकलो. दीनाबाई इथे नाहीत, त्यांनी पवनीहून मला इथे पाठवलं. दीनाबाई, याकोबदादा, मार्थाबाई, मला क्षमा करा.”